बागेतले तळे आणि त्याचे अस्तर

आपल्या पांढुर्णा-सौसर भागात 'बाग' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुलाब-मोगरा उभा राहत नाही, संत्र्याची झाडे उभी राहतात. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा 'जरा बागेत जाऊन येतो' हे वाक्य ऐकून हवा खायला बरोबर निघतो आणि आळ्यातल्या चिखलात पाय रुतल्यावर भानावर येतो. त्यामुळे 'बागेतले तळे' म्हणजेही आपल्याकडे कमळांचे आणि रंगीत माशांचे डबके नव्हे. ते असते मे महिन्यात आंबिया बहाराची फळे झाडावर टिकावीत म्हणून खोदलेले, उताराच्या काठांचे, तळापासून काठापर्यंत काळ्या पन्नीने मढविलेले साठवणीचे तळे. प्रस्तुत लेख त्या पन्नीविषयी आहे. अधिक नेमके सांगायचे तर ती किती लागते, या एकाच प्रश्नाविषयी. इतिहासाच्या अभ्यासकाने असल्या प्रश्नात का पडावे, असे सुज्ञ वाचकांस वाटेल. मी त्यात पडलो, कारण आमच्या घरात तो प्रश्न चुकला आणि चूक कोठून आली हे शोधताना मला थेट बाराव्या शतकापर्यंत जावे लागले.

२०१२ सालच्या मे महिन्यात आमच्या बागेत तळे खोदून झाले. तोंड तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद, खोली तीन मीटर, काठांचा उतार एकास एक. पन्नीचे माप लिहून देण्याचे काम धाकट्या भावाने माझ्यावर सोपविले, कारण घरात 'शिकलेला' मी. मी तोंडाची लांबी घेतली, काठावर दाबायला दोन्हीकडून अर्धा-अर्धा मीटर धरला आणि एकतीस मीटर चौरस असा आकडा लिहून दिला. पन्नी आली, वीस-पंचवीस माणसांनी धरून ती खाली उतरविली, तळाशी नीट बसविली आणि चारी बाजूंनी वर ओढायला सुरुवात केली. काठापासून उतारावर पाऊण मीटर खालीच ती संपली. पुतण्या वर पाहून म्हणाला, "काकाजी, पन्नी पुरत नाही जी." भावाला ते खरेच वाटेना. "दादा, तोंड तर तीसच मीटर आहे नं," असे तो पुन:पुन्हा म्हणत राहिला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तोंड तीसच मीटर होते. आम्ही दोघेही तोंड मोजत होतो आणि पन्नीला तोंडाशी काही कर्तव्य नव्हते.

ही चूक अडाणीपणाची म्हणून सोडून देता आली असती. पण पुढच्या काही वर्षांत ओळखीच्या बागांतून चौकशी केली तेव्हा तीच चूक, त्याच दिशेने, अनेकांकडून झालेली दिसली. कोणी तोंडाचे क्षेत्रफळ धरले होते, कोणी 'इतके ब्रास खोदले तर इतकी पन्नी' असा मातीवरून हिशेब बांधला होता. एकाच प्रकारची चूक पुष्कळांकडून होते, तेव्हा तिच्यामागे एखादी जुनी सवय असते. ही सवय मातीच्या मापाची आहे.

आपले पूर्वज या मुलखात पाणी साठवीत होते त्यापेक्षा अधिक पाण्यापर्यंत खोदत होते. छिंदवाड्याच्या नैर्ऋत्येस, आजच्या मोहखेड तहसिलीत, देवगडचा किल्ला आहे. गोंड राजा जाटबाच्या वंशाची ही राजधानी. याच वंशातील बख्त बुलंदने १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले आणि अठराव्या शतकाच्या मध्यास हे राज्य रघूजी भोसल्यांच्या हाती आले. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे या भागातील वास्तव्य त्या सत्तांतराशी जोडलेले आहे. देवगडविषयी 'आठशे विहिरी, नऊशे बावड्या' अशी लोकोक्ती आहे. आकडा अर्थातच बोलण्यातला आहे, पण त्या रानात गाळाने बुजलेल्या बावड्या खरोखरच मोठ्या संख्येने आहेत आणि अलीकडच्या वर्षांत त्यांपैकी अनेकींचा गाळ काढून त्या पुन्हा जिवंत करण्यात आल्या. गडावर 'मोती टाका' नावाचे टाकेही आहे. बावडीची दगडी बांधणी पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते बांधकाम मातीला आवरते आणि पाण्याला वाट देते. दगडांच्या सांध्यांतून झरे आत येतात, आणि म्हणूनच ती बावडी. तळ्याच्या अस्तराचे काम याच्या अगदी उलट असते. बाहेरून आणून भरलेले पाणी त्याने बाहेर जाऊ द्यायचे नसते. विहिरीचे बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या माणसाला तळ्याच्या अस्तराचे ज्ञान आपोआप येत नाही, ते यामुळे.

विहीर असो वा बावडी, तिचा पैसा मोजला जाई तो खोदाईवर. खोदाई म्हणजे घनफळ. आपल्याकडे आजही मुरूम, गिट्टी, माती यांचा व्यवहार ब्रासमध्ये चालतो; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. किती माती निघाली हे कळले की मजुरी कळली आणि किती पाणी मावेल तेही कळले. या मापाची शास्त्रशुद्ध रीत आपल्या परंपरेत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त 'खातव्यवहार' नावाचे प्रकरण आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा. तोंड मोठे आणि तळ लहान अशा वापीचे घनफळ कसे काढावे, याची रीत तेथे सांगितली आहे: तोंडाचे क्षेत्रफळ घ्यावे, तळाचे घ्यावे, मग तोंडाची व तळाची लांबी मिळवून, रुंदीही तशीच मिळवून, त्या दोन बेरजांचा गुणाकार घ्यावा, तिन्ही संख्या मिळवून सहाने भागावे आणि खोलीने गुणावे. उदाहरणातील वापीचे तोंड बारा हात लांब व दहा हात रुंद, तळ त्याच्या निम्मा, म्हणजे सहा हात व पाच हात, खोली सात हात. तोंड १२०, तळ ३०, बेरजांचा गुणाकार १८ गुणिले १५ म्हणजे २७०, एकूण ४२०, सहाने भागता ७०, सातने गुणता ४९० घनहात.

ही रीत आमच्या तळ्याला लावून पाहावी. तोंड तीस बाय तीस, म्हणजे ९००. उतार एकास एक आणि खोली तीन, म्हणून तळ प्रत्येक बाजूस तीन-तीन मीटरने आत येतो आणि चोवीस बाय चोवीस उरतो, म्हणजे ५७६. बेरजांचा गुणाकार चौपन्न गुणिले चौपन्न, म्हणजे २९१६. एकूण ४३९२, सहाने भागता ७३२, तीनने गुणता २१९६ घनमीटर. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली, तिच्या तक्त्यात तीस बाय तीस बाय तीन या तळ्यापुढे नेमका हाच २१९६ चा आकडा आहे. आणि सर्वांत लहान, पंधरा बाय पंधरा बाय तीनच्या तळ्यापुढील ४४१ घनमीटरही याच रीतीने येतो. तक्ता करणाऱ्याने 'लीलावती' उघडली होती असे मी म्हणत नाही. गणित तेच, एवढेच.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. 'लीलावती'चे जे इंग्रजी भाषांतर जगभर गेले ते हेन्री टॉमस कोलब्रुक यांचे, १८१७ सालचे. हे कोलब्रुक १७९९ ते १८०१ या काळात कंपनीचे वकील म्हणून नागपूरला, दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी होते. त्या काळी आपला हा मुलूख त्याच दरबाराच्या अमलाखाली होता. राजकारणात त्यांना नागपुरी फारसे यश आले नाही. संस्कृत गणितात मात्र त्यांचे नाव राहिले.

मूळ मुद्द्याकडे येतो. खातव्यवहारात विचारलेला प्रश्न घनफळाचा आहे. वापीच्या आतल्या अंगाला किती वस्त्र गुंडाळावे लागेल, हा तेथे प्रश्नच नाही. भास्कराचार्यांना वेष्टनाची कल्पना नव्हती असे मात्र कोणी समजू नये. गोलाच्या पृष्ठफळाविषयी लिहिताना चेंडूभोवती विणलेल्या जाळीची उपमा त्यांनी दिली आहे. म्हणजे वस्तूच्या आतला ऐवज निराळा आणि तिला मढविणारे आवरण निराळे, हा भेद त्यांच्यापुढे स्वच्छ होता. चेंडूला जाळी लागते. वापीला तेव्हा काही मढवायचे नव्हते. गरज नसलेला प्रश्न गणितातही सहसा कोणी विचारीत नाही.

मग त्या काळी तळी गळत नसत काय? गळत. गळती थांबविण्याची साधनेही होती, पण ती थानाने विकत आणायची नव्हती. पाणी धरणाऱ्या तळाला चिकणमाती घालून तुडवीत. टाक्यांना चुना आणि सुरखी, म्हणजे विटेची पूड, यांचा गिलावा देत. रोमन लोकही भाजलेल्या कौलांचा चुरा चुन्यात मिसळून असाच गिलावा करीत. इंग्लंडात अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या कालवेकाराने तुडविलेल्या ओल्या मातीचा तळ देऊन ब्रिजवॉटरचा कालवा १७६१ मध्ये मँचेस्टरकडे नेला. संसदेच्या समितीपुढे त्याने माती मळून, तिचे भांडे करून, त्यात पाणी भरून दाखविले, असे सांगतात. या सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे. माती कमी पडली तर आणखी चार टोपल्या आणता येतात, गिलावा कमी पडला तर आणखी चुना मळता येतो. अस्तराचे क्षेत्रफळ आधी अचूक काढले नाही म्हणून कोणाचे काम अडत नव्हते. अर्थात जुनी तळी जन्मभर टिकलीच असेही नाही. रायगडावरचा हत्ती तलाव कित्येक पिढ्या कोरडा पडत असे. गळतीच्या जागा शोधून बुजविल्यानंतर २०२० च्या पावसाळ्यात तो भरलेला लोकांनी पाहिला.

आपल्या दोन्ही तहसिलींच्या जमिनीने ही जुनी साधने फारशी चालू दिली नसती, असे माझे मत आहे. पांढुर्ण्याकडचा खडक काळा पाषाण, दख्खनच्या लाव्ह्याचा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम. सौसरकडे त्याहून कितीतरी पुरातन खडक उघडे पडतात. त्यांत मँगनीज आहे आणि भूशास्त्रात त्यांना 'सौसर समूह' हेच नाव आहे. आपल्या एका लहानशा गावाचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत गेले ते असे. मुरमात पाणी टिकत नाही. काळी माती ओली असताना फुगते आणि पाणी अडविते, पण उन्हाळ्यात तळे आटले की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पुढच्या पावसाचे पहिले पाणी त्या भेगा पितात. ज्या महिन्यांत बागेला पाण्याची सर्वांत अधिक निकड, त्याच महिन्यांच्या आगेमागे मातीचे अस्तर दगा देते. जाम आणि कन्हान या नद्या जवळ असूनही बागायतदार विहिरींवर, आणि पुढे बोअरवर, अवलंबून राहिला त्याचे हेही एक कारण असावे.

भोसल्यांनी औरंगाबादेकडून संत्र्याची रोपे आणविली, असे परंपरा सांगते. तेथून सुरू झालेली ही बागायत आधी मोटेवर, मग पंपावर आणि मग बोअरवर चालली. विहिरी खोल जाऊ लागल्या तेव्हा पावसाळ्यात नि हिवाळ्यात विहिरीला असलेले पाणी वर काढून तळ्यात राखून ठेवावे, ही कल्पना रुजली. ती रुजायला एक वस्तू हवी होती. १९३३ मध्ये इंग्लंडातील एका रसायनशाळेत गिब्सन आणि फॉसेट या दोघांच्या प्रयोगात, दुसरेच काही शोधताना, पात्राच्या तळाशी मेणासारखा पांढरा थर सापडला, तो पॉलिथिन. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीगलर यांनी त्याचाच अधिक घट्ट प्रकार कमी दाबाखाली करून दाखविला. त्याच दशकात अमेरिकेतील पाटबंधारे खाते कालव्यांच्या तळाशी प्लास्टिकची चादर घालून पाहू लागले होते. आपल्याकडे ही चादर बागायतीत मोठ्या प्रमाणावर आली ती २००५ नंतर, राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातील सामुदायिक शेततळ्यांबरोबर. मध्यप्रदेश शासनाने २००७ मध्ये शेतातल्या तळ्यांसाठी बलराम ताल योजना आणली.

या वस्तूला नावेही किती! शासकीय मराठीत 'अस्तरीकरण', नाशिक-नगरकडचा शेतकरी नुसते 'कागद' म्हणतो, आपण 'पन्नी'. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा नव्या मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून आपल्याकडचे सरकारी पत्रक 'खेत तालाब' लिहिते आणि सीमेपलीकडे वरूडला, सोयऱ्याच्या गावी, तेच 'शेततळे' होते. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी पत्रकाची भाषा तीच आहे. या सर्व शब्दांत मला 'अस्तर' हा शब्द सर्वांत अर्थवाही वाटतो. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि शिंप्याच्या दुकानात स्थिरावला. कोटाला अस्तर किती लागेल हे शिंपी कोटात माणूस किती मावतो यावरून ठरवीत नाही. बाही, पाठ, पाखे वेगवेगळे मापतो आणि शिलाईत जाणारे कापड वर धरतो. सौसरच्या हातमागाच्या लुगड्यांची ख्याती ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला तळ्याच्या काठी शिंपी आठवू नये, याची मला आजही लाज वाटते.

आता प्रत्यक्ष हिशेब. पन्नी एका काठावरून उतरते, तळावरून जाते आणि समोरच्या काठावर चढते. म्हणून तिची लांबी म्हणजे तळाची लांबी, अधिक दोन उतार, अधिक दोन्ही काठांवर दाबण्याची पट्टी. उताराची लांबी खोलीएवढी नसते. खोली तीन मीटर आणि आडवे अंतर तीन मीटर, तर उतार हा त्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण: नऊ अधिक नऊ, अठराचे वर्गमूळ, म्हणजे ४.२४ मीटर. तळ २४, दोन उतार ८.४८, बेरीज सुमारे ३२.५. काठावर अर्धा मीटर सपाट आणि पुढे अर्धा मीटर खोल चर खणून त्यात पन्नी पुरायची, म्हणजे प्रत्येक बाजूस एक मीटर. एकूण ३४.५ मीटर. रुंदीही तितकीच. ३४.५ गुणिले ३४.५ म्हणजे ११९० चौरस मीटर. मी मागविली होती ९६१.

दोन शंका येथे बहुतेकांना येतात. पहिली अशी की, चार उतार आणि तळ यांचे खरे क्षेत्रफळ वेगवेगळे काढून मिळविले तर ते सुमारे १०३४ चौरस मीटर भरते. पण काठावरची पट्टी सोडून ३२.५ मीटरची चौरस चादर १०५५ च्या आसपास जाते. हे वीस-एकवीस मीटर कोठे गेले? ते चार कोपऱ्यांत चुण्या होऊन दुमडले गेले. सपाट चादर खोलगट जागेत बसविली की कोपऱ्यांत कापड गोळा होतेच. पुरणपोळीची लाटी हातावर वाटीसारखी करताना काठाला पडणाऱ्या चुण्या घरोघरी पाहिलेल्या आहेत. त्या चुण्यांपुरती पन्नी वाया गेली असे न समजता ती हिशेबात धरावी. दुसरी शंका सोप्या रीतीची. तोंडाच्या लांबीत खोलीची दुप्पट मिळवावी, असे काही जण सांगतात. परसातल्या लहान, उभ्या भिंतींच्या हौदाला ही रीत बरोबर आहे. आमच्या तळ्याला ती ३६ मीटर सांगते, म्हणजे काठाची पट्टी न धरताही साडेतीन मीटर अधिक. उतार जितका सौम्य तितकी ही रीत अधिक पन्नी घ्यायला लावते. कमी पडण्यापेक्षा बरी, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल. पण दोन्ही बाजूंनी साडेतीन मीटर म्हणजे अडीचशेच्या आसपास चौरस मीटर पन्नी होते आणि तिचे पैसे पडतात.

पाचशे मायक्रॉन जाडीची पन्नी म्हणजे अर्धा मिलिमीटर. या प्लास्टिकचा घनमीटर साधारण ९४० किलोचा, म्हणून चौरस मीटरला ४७० ग्रॅम. ११९० चौरस मीटरचे वजन साडेपाचशे किलोंच्या वर जाते. वजनावरून भाव सांगणारा विक्रेता भेटला तर हा आकडा हाताशी असलेला बरा. पन्नी उन्हात पसरते आणि रात्रीच्या थंडीत आवळते; ताणून बसविली तर सांधे उसवतात. म्हणून ती थोडी ढिली सोडतात, आणि ती ढीलही मापातूनच जाते.

कुतूहल म्हणून मी भास्कराचार्यांच्या वापीलाही पन्नी घालून पाहिली. तळ सहा हात; लांबीच्या बाजूने काठ तीन हात आत येतो आणि खोली सात, म्हणून उतार अठ्ठावन्नाच्या वर्गमुळाएवढा, ७.६२ हात, रुंदीच्या बाजूने तो ७.४३ हात. चादर २१.२ हात लांब व १९.९ हात रुंद, म्हणजे सुमारे ४२२ चौरस हात. आणि वापीचे तोंड? १२० चौरस हात. तोंडावरून माप देणाऱ्याला येथे साडेतीनपट मार बसला असता. शिवाय वापीचे खरे आतले अंग २७८ चौरस हातच आहे. बाकीचे १४४ चुण्यांत जातात. खोल आणि उभट खड्ड्याला अखंड चादर घालणे शहाणपणाचे नाही, बाजू वेगळ्या कापून जोडाव्यात, हे यावरून दिसते. पसरट तळ्यात तो त्रास नसतो. उतार दीडास एक असा आणखी सौम्य केला तर आमच्याच तळ्याची चादर, काठाची पट्टी सोडून, ३१.८ मीटरवर येते. पण पाणीही २१९६ वरून १९७१ घनमीटरांवर उतरते. काळ्या मातीत काठ ढासळू नये म्हणून तो तोटा सोसावाच लागतो.

आमच्या चुकीची किंमत किती झाली तेही सांगितले पाहिजे. पन्नी काठापर्यंत पोहोचली नाही, चरात पुरता आली नाही. पावसाळ्यात काठावरचे पाणी तिच्या मागे शिरले, माती घसरली, एका बाजूला पन्नी फुग्यासारखी वर आली. घाबरून आम्ही तळे दोन मीटरपर्यंतच भरले. वरचा एक मीटर सोडला तर बिघडले काय, तिसरा हिस्सा पाणी गेले, असे मला वाटले. येथेही भास्कराचार्यांची रीत वापरली असती तर डोळे उघडले असते. तळ्याचे तोंड रुंद असते, म्हणून वरच्या मीटरमध्ये सर्वांत अधिक पाणी. दोन मीटर भरल्यावर १३५५ घनमीटर. गमावले ते ८४१, म्हणजे दर शंभरात अडतीस. सहा मीटरवर लावलेली हेक्टरात २७७ झाडे. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला शंभर ते दीडशे लिटर धरले तर दिवसाचे तेहतीस हजार लिटर, आणि सात-आठ हजार लिटर सूर्य वरच्या वर नेतो. ते पन्नी थांबवू शकत नाही. चाळीस हजारांच्या हिशेबाने भरलेले तळे पन्नासाहून अधिक दिवस पुरते. आमचे तेहतीस-चौतीस दिवसांत तळाला गेले. मृगाला अजून तीन आठवडे होते. आंबियाची हिरवी फळे झाडाखाली पडलेली पाहण्यासाठी मी त्या वर्षी बागेत गेलो नाही. भाऊ रोज जात होता. त्याने मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही.

२०१९ मध्ये आम्ही पन्नी बदलली. या खेपेस मी आकडेमोड करून कागद भावापुढे ठेवला. त्याने तो पाहिला, घडी करून खिशात घातला आणि गोठ्यातून दोर घेऊन आला. पुतण्याने एका काठावरच्या चरात दोराचे टोक धरले, दुसऱ्या मुलाने दोर उतारावरून खाली, तळावरून पलीकडे आणि समोरच्या उतारावरून वर नेला. कोठे ताणला नाही, कोठे लोंबू दिला नाही. पलीकडच्या चरात तो पोहोचला तेथे गाठ मारली. मग आडव्या बाजूनेही तसेच केले आणि दुसरी गाठ मारली. दोर बाहेर पसरून टेपने मोजला तेव्हा एक माप चौतीस मीटर साठ सेंटिमीटर आले, दुसरे चौतीस मीटर नव्वद. पहिल्या वर्षी घसरलेल्या बाजूला काठ जरा फुगला होता, तो माझ्या कागदावर नव्हता. भावाने दोन्हीकडे पस्तीस लिहून दिले. तो दोर, दोन गाठींसह, अजून गोठ्याच्या खुंटीला आहे, आणि आसपासच्या बागांतले लोक तळे खोदले की तो मागायला येतात. त्यांच्या तळ्याची लांबी वेगळी असते, गाठी त्यांना उपयोगाच्या नसतात, तरी ते हाच दोर नेतात.